चारकोपचा मॅचिंगवाला

चारकोपच्या सेक्टर पाचच्या मार्केटात पिठाची गिरणी आणि झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवल्यासारखा एक गाळा आहे. गिरणीचं पीठ उडून पाटीवर बसतं, त्यामुळे ‘रुक्मिणी मॅचिंग सेंटर’ ही अक्षरं वर्षाचे दहा महिने आजारातून उठल्यासारखी पांढरीफटक दिसतात. हा गाळा श्यामसुंदर पेडणेकरांचा. वय अठ्ठावन्न, उंची बेताची, शर्ट कायम पांढरा. पांढराच का, यावर गिऱ्हाईक बायकांची दोन मतं होती. एकीचं म्हणणं, माणूस साधा आहे. दुसरीचं म्हणणं, दिवसभर रंगात बुडालेल्याला रंगाचा वीट येणारच, मिठाईवाला कुठे पेढे खातो? खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आमच्या सेक्टरात कुणाच्या कुकरला किती शिट्ट्या झाल्या तेही तळमजल्यापर्यंत पोचतं. तिथे एक गोष्ट तीस वर्षं झाकून राहिली म्हणजे नवलच म्हणायचं.

साडी आणायची, तिच्यावर ब्लाउजचं कापड, अस्तर, फॉल, परकर, सगळं त्याच रंगाचं न्यायचं, हा मॅचिंगच्या दुकानाचा धंदा. त्यात ‘त्याच रंगाचं’ हा शब्द कळीचा. पोपटी साडीला जरा पिवळट पोपटी दिला तर बाई घरी जाऊन नवऱ्याशी भांडते आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी. पण श्यामसुंदरच्या दुकानातून परत आलेलं कापड कुणी पाहिलं नव्हतं. त्याची एक पद्धत होती. साडी हातात आली की तो काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर यायचा, पायरीवर उभा राहायचा, पदर उन्हात धरायचा, मान तिरकी करायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, “हंऽऽ.” त्या ‘हं’वर चारकोपच्या बायका फिदा होत्या. मग आत जाऊन तो साडी बायकोच्या हातात द्यायचा आणि अदबीने विचारायचा, “काय म्हणतेस, जया?”

जया म्हणायची, “मला विचारून काय करताय? डाळिंबीच की. तिसरा खण, कडेचा ताका.”

“तेच म्हणतो मी,” असं म्हणून तो ताका काढायचा.

“बायकोला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही हो,” बायका नवऱ्यांना ऐकवायच्या. “शिका जरा.” सोसायटीचे सेक्रेटरी बाळा राऊळ यांनी तर या श्यामसुंदरमुळे घरी इतकी बोलणी खाल्ली की त्यांनी त्याचं नाव ‘आदर्श पती’ असं पाडलं होतं.

आता सांगायला हरकत नाही, कारण आता सगळ्यांना कळलंच आहे. श्यामसुंदरला रंग दिसत नव्हते. म्हणजे अगदीच नाही असं नाही. पिवळा दिसायचा, निळा दिसायचा. पण हिरवा आणि तपकिरी त्याला जुळे भाऊ वाटत. जांभळा म्हणजे त्याच्या लेखी निळाच. आणि फिक्या गुलाबीला तर त्याच्या डोळ्यांत जागाच नव्हती, तिथे नुसती राख. उन्हातलं ते ‘हं’ निव्वळ नाटक. डोळे आधी त्याच्या आईचे होते, नंतर बायकोचे झाले.

वडील कापडगिरणीत, रंगखात्यात. गिरणी बसली तेव्हा त्यांनी हा गाळा घेतला आणि वर्षाच्या आत गेले. थोरला मुलगा म्हणून श्यामसुंदर गादीवर बसला. आई रुक्मिणी शेजारी बसून त्याच्या कानात रंग सांगायची. पोराला दिसत नाही हे तिला तो पाचवीत असतानाच कळलं होतं. चित्रकलेच्या वहीत त्याने झाडाला तपकिरी पानं काढली आणि मास्तरांनी विचारलं, दुष्काळ पडलाय का रे? आईने तेव्हाच ठरवून टाकलं, हे बाहेर जाता कामा नये. दुकान आल्यावर तर ते पक्कंच झालं, मॅचिंगवाल्याला रंग कळत नाहीत हे कळलं तर वाट लागली.

मग लग्न झालं. सत्यनारायणाच्या पूजेला जया नवी साडी नेसून बसली. पाहुणे गेल्यावर श्यामसुंदरने धीर करून नव्या बायकोची पहिली स्तुती केली, “राखाडी छान दिसतोय तुला.”

जयाने साडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. आणि ती हसली नाही. तिथेच हा संसार ठरला, असं म्हणायला हरकत नाही. ती म्हणाली, “हो? मलाही आवडतो.”

स्वयंपाकघराच्या दारात सासू उभी होती. तिने सुनेला बाजूला घेतलं. “कळला ना गो तुका? आता तुझो घोव, तूच सांभाळ.”

नंतर कितीतरी वेळा श्यामसुंदरने विचारलं, “त्या साडीचा खरा रंग कोणता गं?” जया सांगायची नाही. “तुम्हाला राखाडी दिसली ना? मग राखाडीच. माझं काही अडलंय?”

तर अशी ही जया. ती गेल्या वर्षी आजारी पडली. दुखणं पोटात होतं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. परळच्या हॉस्पिटलच्या खेपा सुरू झाल्या. ज्या दिवशी खेप नसे त्या दिवशी ती दुकानात येऊन बसायची, डोक्याला रुमाल बांधून. बायकांना वाटायचं, मन रमवायला येते बिचारी. ती येत होती कामाला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापायच्या, एकेका ताक्याचं टोक मांडीवर घ्यायचं, चिठ्ठी लिहायची, टाचणीने टोचायची. येईल त्या दिवशी दोन-तीन. हात थरथरायला लागला तसं अक्षर मोठं होत गेलं. चार महिन्यांत दोनशे चौदा ताके झाले.

चिठ्ठीवर नुसतं रंगाचं नाव नव्हतं. तिचा आवाज होता तो. ‘डाळिंबी. पोरी मरून कलर म्हणतात. शेजारी तपकिरी आहे, त्याला हात लावू नका.’ ‘हा हिरवा नाही हो. फसू नका.’ ‘मोरपंखी. साडी बहुतेक पैठणी असेल. घाई नको, आधी बसायला द्या.’ ‘हा आमसुली. कुणी वाइन म्हणालं तरी हाच, लाजू नका.’

ती गेली. तेराव्यानंतर श्यामसुंदरने दुकान उघडलं आणि कामाची एक नवी तऱ्हा काढली. बाईने साडी ठेवली की उन्हात जाऊन ‘हं’ करायचं आणि म्हणायचं, “तुमच्याकडे काय म्हणतात वहिनी या रंगाला?” बाई खूश व्हायची, नाव सांगायची. मग तो आत वळायचा, चिठ्ठ्या वाचत जायचा आणि बरोबर ताका काढायचा. बायको गेल्यावर माणूस मऊ झाला, गिऱ्हाइकाचं मत घ्यायला लागला, असं बायका म्हणायच्या. दिवसातून वीस वेळा तो जयाशी बोलत होता, एवढंच. गिऱ्हाईक नसलं तरीही एखादी चिठ्ठी वाचून यायचा. ‘फसू नका’ वाचलं की म्हणायचा, “नाही फसत गं.”

त्यांची एकुलती एक मुलगी जान्हवी. वय सव्वीस, अंधेरीच्या एका ऑफिसात वेबसाइटी बनवते. म्हणजे साइट कशी दिसेल, कुठे कोणता रंग, बटण कुठे, हे ठरवायचं. बापाला रंग दिसत नाही आणि लेक रंगाचं खाते, हा देवाचा विनोद. पण तो समजायला लेकीला बापाचं गुपित माहीत हवं होतं. तिला दोघांनीही सांगितलं नव्हतं. आधी ती लहान होती म्हणून, मग मोठी झाली म्हणून.

जान्हवीला दिसत होतं की दुकानात माणूस येत नाही. रेडिमेड ब्लाउज मिळतात, पोरी साड्या नेसत नाहीत. ती म्हणाली, “बाबा, आपण साइट काढू. ताके फोटोत, बायका घरबसल्या ऑर्डर करतील.”

“साडी उन्हात धरायला नको?” श्यामसुंदरने विचारलं.

“ते तुझं नाटक ऑनलाइन नाही चालत रे.”

श्यामसुंदर दचकला. पण ती सहज बोलली होती.

साइटचे रंग ठरवायला तिने एका रविवारी सकाळी सोसायटीच्या कॅरमच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि येईल त्याला धरलं. मदतीला तिची मैत्रीण शीतल वानखेडे, वरच्या मजल्यावरची. तिचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे ती आधीच हवेत. एकच पान दोन रंगांत केलं होतं. एक फिकं: पिस्ता रंगाची जमीन, तिच्यावर फिकं गुलाबी बटण. दुसरं गडद: काळपट निळी जमीन, पिवळं बटण.

“आमच्या ऑफिसात म्हणतात,” जान्हवीने सुरुवात केली, “बायकांना पांढरा मिसळलेले रंग आवडतात, पुरुषांना काळा मिसळलेले. बघू आपल्याकडे काय निघतं. बाळाकाका, हा कोणता रंग?”

“गुलाबी,” बाळा राऊळ म्हणाले.

“आणि हा?”

“गुलाबी.”

“आणि हा?”

“अगं, तोच तोच काय दाखवतेस परत परत?”

मागून राऊळकाकूंचा आवाज आला, “पहिला अबोली, दुसरा कांदा, तिसरा राणी. तीस वर्षं काढली या माणसाबरोबर, कुणाला सांगू!”

शीतलचे वडील धोंडिराम वानखेडे तर उत्तरच देईनात. “पोरी, मी जन्मात रंग निवडला नाही. आधी आई शर्ट आणायची, मग ही आणते. पुरुषांची आवड पाहिजे ना? मग हिलाच विचार.” त्यांची बायको माधुरी म्हणाली, “लिही, लिही. यांना राखाडी आवडतो. मळ दिसत नाही.” सगळे खो खो हसले. राखाडी शब्दाने श्यामसुंदरचं काय झालं ते कुणी पाहिलं नाही.

बायकांनी एकमुखाने फिकं पान निवडलं. त्या गुलाबीवर तर त्या लुब्धच झाल्या. माधुरी म्हणाली, “हा कुठून गं आणलास? आताच्या साड्यांत नाही मिळत असा.”

“एका फोटोतून उचललाय,” जान्हवी म्हणाली आणि लॅपटॉप बापाकडे वळवला.

“बाबा, आता तू. पहिलं का दुसरं?”

श्यामसुंदर पुढे वाकला. पहिल्या पानावर त्याला काहीच दिसलं नाही. राखाडीसर जमीन आणि तिच्यावर कसलीशी अक्षरं. त्याला वाटलं, हे पान अजून व्हायचंय. “दुसरं,” तो म्हणाला.

“बघा!” जान्हवीने टेबलावर थाप मारली. “टिपिकल पुरुष.” आणि वहीत पुरुषांच्या रकान्यात एक रेघ वाढली. रंगाची सर्वांत जास्त जाण असलेल्या माणसाचं मत म्हणून तिने त्या रेघेला गोलसुद्धा केला.

गिऱ्हाईक बायका, म्हणून साइट फिकी झाली. ती तयार झाल्यावर जान्हवीने फोन बापाच्या हातात दिला. “दाब बटण. पहिली ऑर्डर तू दे.”

श्यामसुंदरने अंदाजाने बोट ठेवलं.

“तिथे नाही रे. गुलाबीवर.”

त्याने बोट जरा सरकवलं.

“बाबा! समोर एवढं मोठं बटण आहे!” तिने फोन काढून घेतला. आई गेल्यापासून याचं कशात लक्षच नाही, असं तिच्या मनात आलं आणि बटण तिने स्वतःच दाबलं.

आता फोटो हवे होते. नेमकं त्याच आठवड्यात श्यामसुंदर गावी गेला, कुडाळजवळ. बरं वाटलं तर देवीची ओटी भरीन असा जया नवस बोलली होती. बरं वाटलं नाही. पण श्यामसुंदरचं म्हणणं, देवीने आपलं काम केलं नाही तर नाही, आपण शब्द दिला होता. दुकानाची किल्ली लेकीकडे देऊन तो दोन दिवस गेला.

त्या दोन दिवसांत जान्हवी आणि शीतलने दोनशे चौदा ताके खाली काढले, झटकले, फोटो काढले आणि परत लावले. पण आईने लावले होते तसे नाही. आईचं लावणं बघणाऱ्याला अडगळ वाटायचं, कारण ती नेहमी एकमेकांत मिसळणारे रंग लांब लांब ठेवायची. जान्हवीने ते ऑफिसातल्यासारखे लावले, फिक्याकडून गडदाकडे, एकातून दुसरा उमलावा तसे. शीतल म्हणाली, “झकास! दुकान नाही, इंद्रधनुष्य वाटतंय.”

आणि चिठ्ठ्या? फोटोत त्या दिसायला लागल्या. पहिली टाचणी काढताना जान्हवीला आईचं अक्षर दिसलं आणि तिने चिठ्ठी उलटी ठेवली. शीतल म्हणाली, “वाच ना.” ती म्हणाली, “नको. वाचायला बसले तर रडतच बसेन, काम होणार नाही.” तिने एकही चिठ्ठी फेकली नाही, हे लक्षात ठेवा. एकेक टाचणी हळूच काढून, न वाचता, सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात रचल्या, वर आईचा रुमाल ठेवला आणि डबा घरी देवघराखाली नेऊन ठेवला. इतक्या प्रेमाने केलेलं वाटोळं क्वचितच कुणी पाहिलं असेल.

श्यामसुंदर परत आला. शटर वर गेलं. जान्हवी, शीतल, झेरॉक्सवाला, राऊळकाकू, सगळे त्याचं तोंड बघायला जमलेले.

त्याच्यासमोर एक भिंत होती. सलग, गुळगुळीत, वरून खाली काळी होत गेलेली राखेची भिंत. मध्येमध्ये थोडा पिवळा, थोडा निळा. चिठ्ठी एकही नाही.

“बोल ना बाबा, कसं वाटतं?”

“छान,” तो म्हणाला. “चिठ्ठ्या?”

“घरी आहेत. जपून ठेवल्यात मी. सगळ्या.”

तो मान हलवत राहिला. पोरीने आईची आठवण जपली होती, तिला काय म्हणायचं? आणि म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

घरी जाऊन त्याने डबा उघडून पाहिला. चिठ्ठ्या सगळ्या होत्या, दोनशे चौदा. ‘शेजारी तपकिरी आहे.’ कुणाच्या शेजारी? ‘हा हिरवा नाही हो.’ कोणता हा? त्याने डबा बंद केला आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.

पुढचे तीन आठवडे तो स्मरणावर चालला. कापडाला बोट लावून, ताका जाड की रोडावलेला ते बघून, नशिबावर. साइटवर ऑर्डरी यायला लागल्या, तो बांधून पाठवू लागला, आणि पाकिटं परत यायला लागली. मागवला पोपटी, गेला बदामी. मागवला आमसुली, गेला बाटली हिरवा. जान्हवीने पहिल्यांदा हसण्यावारी नेलं, मग चिडली, मग घाबरली. तिने ऑफिसात कुणाला तरी विचारलं, दुःखाने माणसाचं डोकं कमकुवत होतं का? घरी येऊन म्हणाली, “बाबा, दुकान भाड्याने देऊया का? मोबाइल कव्हरवाला विचारतोय. तू आराम कर.”

“जयाने लावलंय ते दुकान,” एवढंच तो म्हणाला.

“आईने लावलेलं मी काढलं रे. आता काय राहिलंय त्यात आईचं?”

त्याने दुकानाची किल्ली उचलून खिशात घातली.

मग शीतलचं लग्न चार दिवसांवर आलं. मुलीला पांढरी शुभ्र साडी, निळ्या काठाची, आणि त्यावर निळं ब्लाउज. वानखेड्यांच्या घरात निळ्याला काय मोल आहे हे कुणाला सांगायला नको. धोंडिरामांच्या दारावर, पंचशीलाच्या पताकेत, बाबासाहेबांच्या तसबिरीमागे तोच निळा. कापड घ्यायला माधुरी स्वतः आली होती. “जयभीम, भावजी. निळा द्या, आपला नेहमीचा.” वीस वर्षांची गिऱ्हाईक. श्यामसुंदरने साडीचा काठ पायरीवर नेऊन ‘हं’ केलं, आत आला आणि निळा काढला. कापून, घडी घालून, कागदात गुंडाळून दिला. माधुरीने उघडून पाहिलंही नाही. भावजींनी दिलं म्हणजे बघायचं काय? पुडी तशीच शिलाईवाल्या चंद्रप्रकाशकडे गेली. त्याला दिलं ते त्याने शिवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी माधुरी ब्लाउज घेऊन दुकानात आली. जान्हवी सुट्टी काढून तिथेच बसली होती. माधुरीने ब्लाउज काउंटरवर ठेवलं. ती चिडलेली नव्हती, नुसती गोंधळलेली.

“भावजी, हा जांभळा आहे.”

श्यामसुंदरने ब्लाउज उचललं. पायरीवर गेला, उन्हात धरलं. ‘हं’ तोंडातून निघेना.

“बाबा,” जान्हवी मागून म्हणाली, आणि तिचा आवाज चढला, “तुला होतंय काय? शीतलच्या लग्नाचं कापड आहे हे! निळा आणि जांभळा कळत नाही तुला?”

“नाही कळत.”

“म्हणजे?”

“कधीच कळला नाही.” तो अजून पाठमोराच होता. “कुठलाच नाही कळत धड. तुझी आई सांगायची. त्याआधी माझी आई.”

माधुरीने पदर तोंडाला लावला. “अहो, मग वीस वर्षं माझी ब्लाउजं?”

“जया.”

“आणि ती गेल्यावर?”

“जयाच. चिठ्ठ्या होत्या ना.”

जान्हवीने एकदा त्या सुंदर भिंतीकडे पाहिलं. मग ती उठली, रिक्षासुद्धा न करता चालत घरी गेली आणि डबा घेऊन आली. काउंटरवर रुमाल पसरला, चिठ्ठ्या ओतल्या आणि पहिल्यांदाच वाचायला लागली. चाळीसएक चिठ्ठ्यांनंतर तिचा हात थांबला. वाचून तिने ती माधुरीकडे सरकवली. अक्षर मोठं, शेवटच्या दिवसांतलं.

‘निळा. याच्यासारखा दिसेल तो जांभळा, तो लांब ठेवलाय. वानखेडे वहिनी शीतलच्या लग्नाला येतील तेव्हा हाच द्या. पैसे घेऊ नका, माझ्याकडून आहेर.’

माधुरी तिथेच स्टुलावर बसली. तिघंही एकमेकांकडे न बघता रडले. मग जान्हवीने निळा ताका काढला, कापड कापलं, चंद्रप्रकाशने हातातलं काम बाजूला ठेवून शिवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी शीतल निळ्या ब्लाउजात उभी राहिली. बुद्धवंदना सुरू असताना श्यामसुंदर मागच्या रांगेत पांढऱ्या शर्टात बसला होता. त्याला तो निळा दिसला. जांभळाही असाच दिसला असता, पण त्या दिवशी जान्हवीने त्याचा हात दाबून सांगितलं होतं, “निळाच आहे, बाबा.”

माधुरीने हे कुणाला सांगितलं नाही. पण एकच ब्लाउज चार दिवसांत दोनदा शिवलं गेलं, आणि चंद्रप्रकाशच्या पोटात काही राहत नाही. आठवड्यात सेक्टरभर झालं. बाळा राऊळ म्हणाले, “म्हणजे आदर्श पती नव्हता, आंधळा होता!” त्यांना वाटलं लोक हसतील. राऊळकाकू म्हणाल्या, “तुम्हाला तर डोळे होते ना? मग कधी विचारलंत मला काही?” आणि आत निघून गेल्या.

बायका येत राहिल्या, दुप्पट मायेने. पण आता श्यामसुंदरने कापड काढलं की प्रत्येक बाई ते हातात घेऊन स्वतःच पायरीवर जायची, स्वतःच उन्हात धरायची. “भावजी, नक्की ना?” असं अगदी प्रेमाने विचारायची. ते ‘नक्की ना’ त्याला रोज दहा-बारा वेळा ऐकावं लागे.

रविवारी रविवारी जान्हवी चिठ्ठ्या परत टोचत बसली. तिला रंग दिसत होते, पण आईची नावं येत नव्हती. आईचा चिंतामणी कोणता, पारवा कोणता, श्रीखंडी आणि मोतिया यांत फरक काय? तिच्याकडे सेज ग्रीन होता, मॉव होता. माधुरी आली, राऊळकाकू आल्या, चिंतामणीवरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. तरी त्रेसष्ट चिठ्ठ्या उरल्या. ‘तुमच्या आत्याच्या दाराचा रंग.’ ‘आपण गोराईला गेलो होतो तेव्हाची संध्याकाळ.’ ते दार कुणी पाहिलं नव्हतं. आणि गोराईची संध्याकाळ श्यामसुंदरने पाहिली होती, पण तो काय सांगणार?

दसऱ्याच्या आधी त्याने स्वतःच गाळा भाड्याने द्यायला काढला. जान्हवी म्हणाली, “अरे, आता तर सगळ्यांना माहीत आहे, चालव ना.” तो म्हणाला, “नाही गं. माझ्या हातचं कुणी बघून घ्यायचं नाही, एवढाच माझा धंदा होता.” ताके घरी आले, हॉलच्या भिंतीला लागले. आता ऑर्डर आली की जान्हवी काढते, कापते. श्यामसुंदर घडी घालतो. घडीला रंग लागत नाही.

दुकानाच्या शेवटच्या दिवशी, ताके टेम्पोत चढवायच्या आधी, त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. गावाहून येऊन डबा उघडला त्याच दिवशी ती त्याने वेगळी काढून ठेवली होती, जान्हवीला दाखवली नव्हती. “ही कुठली असेल?”

‘हा मी पूजेला नेसले होते. तुम्ही राखाडी म्हणालात तो. विकायला हरकत नाही.’

“हिचा ताका मला ठाऊक होता,” तो म्हणाला. “वरचा खण, डावं टोक. रोज सकाळी हात लावायचो. आता सापडत नाही.”

जान्हवीने चिठ्ठी वाचली. या वेळी तिला कुणाला विचारावं लागलं नाही. ती सरळ फिक्या रंगांपाशी गेली, एक ताका ओढला आणि चिठ्ठी टोचली.

“तुला कसं कळलं?”

“अल्बममध्ये आहे ना तो फोटो. त्यातूनच तर उचलला होता मी.” तिने फोन काढला, साइट उघडली आणि त्याच्यापुढे धरली. “आपलं बटण. आईच्या साडीचाच रंग आहे हा, बाबा.”

श्यामसुंदरने फोन जवळ घेतला, लांब धरला. मग फळीखालून वाकून बाहेर आला, पायरीवर उभा राहिला, फोन उन्हात धरला, मान तिरकी केली. जान्हवी मागोमाग आली. “थांब, मी बदलते. बटण निळं करते, काठ काळा देते. मग तुला दिसेल.”

“नको,” तो म्हणाला. “बायकांना आवडतो ना? राहू दे. फक्त कुठे आहे ते दाखव.”

तिने त्याचं बोट धरलं आणि नेऊन त्या जागी ठेवलं.

शेजारी गिरणी चालू होती, पीठ उडून दोघांच्या डोक्यावर बसत होतं.

“राखाडी,” तो म्हणाला. “छान दिसतोय.”